भाषेच्या स्पर्धेला आडनावाची अट कशासाठी?

इंदूरमधील एका मराठी मंडळाचे कार्यवाह असलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या वाचकाचे हे पत्र आहे. गणेशोत्सवाच्या आधी त्यांचे मंडळ शालेय मुलांसाठी मराठी वक्तृत्व आणि पाठांतराची स्पर्धा घेते. यंदा प्राथमिक फेरीत नववीतली एक मुलगी पहिली आली. तिचे नाव हिंदू आणि मुसलमान दोन्हीकडे चालणारे आणि आडनाव इनामदार असल्यामुळे अर्ज वाचताना कोणाच्या मनात काही आले नाही. ती डोक्याला ओढणी बांधून व्यासपीठावर आली, तेव्हा ती मुसलमान असल्याचे सगळ्यांच्या लक्षात आले. तिचे आजी-आजोबा साताऱ्याकडून इंदुरात आले. घरात आजीशी मराठीत आणि इतरांशी हिंदीत बोलणे होते. आता कार्यकारिणीतील काही सभासदांनी अंतिम फेरीसाठी तीन अटी सुचवल्या आहेत: आई-वडील दोघेही मराठी असावेत, आडनाव मराठी असावे आणि स्पर्धकाने पारंपरिक मराठी वेशात यावे. वाचकाला या अटी खटकतात, पण आपली ओळख पुसट होत चालल्याची सभासदांची भीतीही त्यांना खोटी वाटत नाही. त्यांचा स्वतःचा नातू तिन्ही अटींत बसतो, मात्र मराठीत एक वाक्य धड पुरे करत नाही. ‘या मुलीला विशेष बाब म्हणून येऊ द्यावे, म्हणजे नियमही राहील आणि वादही मिटेल’ असा मार्ग त्यांना सुचला आहे. तो योग्य आहे का, आणि मुळात मराठी कोणाला म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण कळवलेल्या तीन अटींत धर्माचा उल्लेख कुठेही नाही, आणि तरीही त्या धर्मासाठीच सुचवल्या गेल्या आहेत, हे आपल्या पत्रावरूनच स्पष्ट होते. ती मुलगी ओढणी न बांधता आली असती तर या अटी कोणाला सुचल्या नसत्या. परीक्षकांनी तिचे मराठी ऐकून तिला पहिले स्थान दिले आणि सभासदांना तिचा वेश पाहून तिच्या मराठीपणाबद्दल शंका आली. तेव्हा सभेत चर्चा होईल ती अटींच्या शब्दांवर होईल, पण त्या चर्चेमागचा प्रश्न वेगळा आहे, याची जाणीव आपल्याला तरी असू द्यावी. तो प्रश्न असा की मराठी माणूस हिंदूच असतो, हे आपण सगळ्यांनी न बोलता गृहीत धरले आहे का?

आधी त्या अटी जशा लिहिल्या आहेत तशा लावून पाहू, आणि तेही इंदूरच्याच माणसांना. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली याच शहरात झाला. त्यांच्या आई मूळच्या गुजराती घरातल्या होत्या, त्यामुळे आई-वडील दोघेही मराठी असण्याच्या पहिल्या अटीवर लताबाई आपल्या अंतिम फेरीत पोहोचल्या नसत्या. आडनावाचे म्हणाल तर मंगेशकर हे आडनावही दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी या गावावरून घेतलेले आहे. राहुल द्रविड यांचा जन्मही इंदूरचाच, १९७३ सालचा. घर मराठी, पण आडनाव सरळ दक्षिणेकडे बोट दाखवणारे. उलट रोहेकर, पेणकर अशी अस्सल कोकणी वळणाची आडनावे बेने इस्रायली घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ही माणसे यहुदी धर्माची आणि मराठी बोलणारी, आणि त्यांच्यातील अनेक कुटुंबे इस्रायलला जाऊन स्थायिक झाल्यावरही तिथे मराठी टिकवून आहेत. आपल्या स्पर्धक मुलीचे इनामदार हे आडनाव तर हिंदू घरांत जितके आढळते तितक्याच सहजपणे मुसलमान घरांतही आढळते. म्हणजे आपली दुसरी अट तिला अडवतच नाही. ती अडवायला हवी असेल तर ‘मराठी आडनाव’ याचा अर्थ ‘हिंदूचे आडनाव’ असा कोणाला तरी सभेत उघडपणे सांगावा लागेल, आणि तो सांगायला बहुधा कोणी उभे राहणार नाही.

धर्मावरच बोलायचे तर इंदूरच्या शेजारच्या महूपासून सुरुवात करू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी तिथल्या लष्करी छावणीत झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्याबरोबर लाखो मराठी माणसांनी ती घेतली. त्या दिवसापासून ही माणसे मराठी राहिली नाहीत, असे आपल्या कार्यकारिणीतील कोणी म्हणेल असे मला वाटत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ग्रंथरचना करत होते, आणि ‘ज्ञानाचा एका, नामयाचा तुका, कबीराचा शेखा’ असे वारकऱ्यांमध्ये आजही म्हटले जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेखांच्या डफावर सभा उभ्या राहिल्या. यू. म. पठाण १९९० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि २०२० साली उस्मानाबादला झालेल्या संमेलनाचे अध्यक्षपद एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. मराठी भाषकांच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाला जी अट आवश्यक वाटली नाही, ती आपल्या मंडळाच्या पाठांतर स्पर्धेला का असावी, हा प्रश्न आपण सभेत शांतपणे विचारू शकता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो निराधार नाही. महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुसलमान घरांत दखनी किंवा उर्दू बोलली जाते, तेव्हा त्यांची मातृभाषा मराठी कशी, असे कोणी विचारेल. हे अनेक घरांबाबत खरे आहे, जसे कोकणात आणि देशावरच्या कित्येक गावांत मुसलमान घरांची भाषा मराठीच आहे, हेही खरे आहे. परंतु हा निकष लावायचाच असेल तर तो सगळ्यांना लावावा लागेल. आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने मुलाशी बोललेली भाषा. आपल्या नातवाशी त्याची आई कोणत्या भाषेत बोलत होती, याचे उत्तर आपल्यालाच ठाऊक. त्या मुलीच्या बाबतीतही उत्तर कदाचित हिंदी असेच येईल, कारण तिला मराठी मिळाली ती आजीकडून. मग काटेकोर मोजमापाने दोघेही बाहेर आणि मोजमाप सैल केले तर दोघेही आत. यांतले एकच मूल बाहेर राहावे असा नियम भाषेच्या आधारावर करता येत नाही. तो करायला दुसऱ्या कशाचा तरी आधार घ्यावा लागतो.

हे केवळ आपल्याकडे होते असे नाही. माणसांचे समूह स्वतःला कशावरून ओळखतात, हे जगभर पाहिले तर कोणतीही एक खूण सगळीकडे चालत नाही. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक यांना एकमेकांचे बोलणे सहज कळते, तिथे वेगळेपणाची मुख्य खूण धर्म झाली: ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि मुसलमान. पूर्व पाकिस्तानात धर्म पश्चिमेसारखाच होता, पण १९५२ साली ढाक्यात बंगालीसाठी तरुणांनी प्राण दिले आणि १९७१ साली स्वतंत्र देश झाला. बहुसंख्य आयरिश माणसे रोजच्या व्यवहारात इंग्रजी बोलतात, म्हणून ती स्वतःला इंग्रज समजत नाहीत. रवांडात हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, धर्मही बहुतांशी एक. तरी बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर जमात नोंदवली आणि १९९४च्या नरसंहारात कोणाला मारायचे हे ठरवताना तीच पत्रे तपासली गेली. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली अशी मांडणी केली की समूहाच्या आत कोणती संस्कृती साठवली आहे यापेक्षा समूहाची सीमा कोण आणि कशी आखतो, याचा अभ्यास महत्त्वाचा आहे. आत काय आहे ते काळानुसार बदलत जाते, सीमा मात्र राखली जाते, आणि ती राखण्यासाठी सोयीची खूण त्या त्या वेळी निवडली जाते. आपल्या कार्यकारिणीने नेमके हेच केले आहे. भाषेची खूण त्या मुलीला अडवू शकली नाही, म्हणून आडनावाची आणि वेशाची खूण पुढे आली.

वेशाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिन्ही अटींत ही सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त घोळ घालते. पारंपरिक मराठी वेश म्हणून आपण जो डोळ्यांसमोर आणतो, तो अलीकडच्या काळात व्यासपीठासाठी एकसारखा केलेला वेश आहे. होळकरशाही पगडी वेगळी, शिंदेशाही वेगळी, पुणेरी वेगळी, आणि डोक्यावर काय आहे यावरून माणूस कोणत्या दरबारचा हे लोक ओळखत. आज शोभायात्रेत सगळ्यांच्या डोक्यावर भाड्याने आणलेला एकच फेटा असतो. आपल्या मंडळातल्या बायका समारंभाला ज्या माहेश्वरी साड्या नेसून येतात, त्या महेश्वरच्या मागांवर विणणाऱ्यांत मुसलमान विणकर मोठ्या संख्येने आहेत. ती विणकामाची पेठ अहिल्याबाईंनी बाहेरून कारागीर आणून वसवली. डोळ्यांनी ओळख ठरवण्याची सवय किती घातक ठरू शकते याचे उदाहरण हवे असेल तर सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थाचा, त्यांची पगडी आणि दाढी पाहून, भलत्याच लोकांवरच्या रागापोटी खून झाला. कोठे ते आणि कोठे एक पाठांतर स्पर्धा, असे आपण म्हणाल, आणि तुलना खरोखरच मोठी आहे. परंतु दिसण्यावरून माणसाला एका खणात टाकायचे आणि मग त्याचे बोलणे ऐकायचेच नाही, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे.

आता आपण सुचवलेल्या ‘विशेष बाबी’कडे येतो. हेतू चांगला आहे, तरीही मी तो मार्ग सुचवणार नाही. १९२८ साली, दोन वर्षांपूर्वी इंदूरची गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकर तिसरे यांनी नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्यासाठी तिने हिंदू धर्म स्वीकारला, शर्मिष्ठादेवी हे नाव घेतले, आणि विवाह जातीत झाला असे म्हणता यावे म्हणून एका धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतले. जन्म, धर्म, भाषा, रूप यांपैकी एकही खूण जुळत नसताना ती होळकरांच्या घरात आली, कारण बोलावणारा राजघराण्यातला होता. यातून दिसते ते असे की दार उघडायचे ठरले की समाजाला विधी सापडतो. परंतु त्या अपवादाने नियम जागेवरच राहिला आणि तसाच विवाह करू पाहणाऱ्या सामान्य माणसाला त्याचा काही उपयोग झाला नाही. आपली विशेष बाबही तशीच ठरेल. यंदा ती मुलगी मेहेरबानी म्हणून उभी राहील, तिला ते कळेल, आणि पुढच्या वर्षी दुसरे मूल आले की पुन्हा सभा बोलवावी लागेल. शिवाय कोणी एक सभासद प्रसन्न नसेल त्या वर्षी मेहेरबानी मिळणार नाही.

ओळख पुसट होत असल्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. महाराष्ट्राबाहेर अनेक पिढ्या राहिलेल्या समाजाला ती वाटणारच. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, मुलांचे मित्र हिंदी बोलणारे, आणि लग्नानंतर घरात येणारी सून किंवा जावई कोणत्याही भाषेचा. मंडळ ही एकच जागा उरते जिथे मराठी बोलताना कोणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि ती जागाही गेली तर काय, असे ज्येष्ठांना वाटले तर त्यांना संकुचित म्हणून मोडीत काढू नये. फक्त या भीतीचे कारण नीट शोधावे. आपल्या नातवाचे मराठी त्या मुलीमुळे गेलेले नाही. ते घरातल्या जेवणाच्या वेळी, गाडीत, दूरध्वनीवर थोडे थोडे सुटत गेले, आणि त्यात आपल्यासकट सगळ्यांचा वाटा आहे. ज्या वर्षी मंडळाच्या सभासदांची मुले स्पर्धेत मागे पडली, त्याच वर्षी पात्रतेच्या अटी कडक व्हाव्यात, हा योगायोग बाहेरच्या माणसाच्याही नजरेतून सुटणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला आठवून पाहायला सांगतो. आपण पुण्याला एखाद्या लग्नाला जाता तेव्हा आपल्या मराठीतली हिंदी वळणे ऐकून कोणी तरी हसतेच, आणि ‘तुम्ही इंदूरकडचे ना’ हे वाक्य कौतुकाने म्हटले आहे की खणात टाकण्यासाठी, हे लगेच कळत नाही. इकडे माळव्यात आपल्या पणजोबांना ‘दक्षिणी’ म्हणत, तिकडे आपण उत्तरेकडचे ठरतो. शुद्ध उच्चार हा निकष पुण्याच्या एखाद्या समितीने लावला तर आपले अख्खे मंडळ प्राथमिक फेरीत बाद होईल. नीरेकाठच्या होळ गावच्या माणसांनी माळव्यात येऊन राज्य उभे केले, १८१८ नंतर इंदूर ही त्यांची राजधानी झाली आणि नाना जातींचे लोक त्यांच्याबरोबर इकडे स्थिरावले. आपल्यापैकी बहुतेकांचे मराठीपण असे मूळ गावापासून दूर, मिसळीत घडलेले आहे. त्या मुलीच्या आजी-आजोबांनी केलेला साताऱ्याहून इंदूरचा प्रवास आपल्या घराण्यांच्या प्रवासापेक्षा फक्त उशिराचा आहे.

मराठी कोणाला म्हणावे, याचे एकच उत्तर मी देणार नाही, आणि मंडळालाही ते द्यावे लागत नाही. कोणत्या कामासाठी विचारतो आहोत यावर उत्तर ठरते. गणपतीची पूजा कोणी करावी हा धार्मिक प्रश्न आहे आणि तिथे श्रद्धेचा विचार योग्य आहे. भाषेच्या स्पर्धेत भाषा पाहावी. मंडळ ही दोन्ही कामे एकाच मांडवात करते, त्यामुळे हा गोंधळ झाला आहे.

सभेपूर्वी मंडळाची घटना काढून उद्देशाचे कलम वाचावे. मध्य प्रदेशात अशा बहुतेक संस्था १९७३च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांचे उद्देश लेखी असतात. त्यात ‘मराठी भाषा आणि संस्कृतीचा प्रसार’ अशा आशयाचे काही असेल तर मराठी बोलणाऱ्या मुलीला अडवणे हे आपल्याच उद्देशाविरुद्ध जाते. राज्यघटनेचे कलम २९ देखील नागरिकांच्या गटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देते; त्या यादीत आडनाव नाही.

सभेत पहिला मुद्दा मात्र तत्त्वाचा काढू नये, रीतीचा काढावा. स्पर्धा सुरू झाल्यावर, एक फेरी पार पडल्यावर, पात्रतेच्या अटी बदलता येत नाहीत. हे सगळ्यांना पटते, विरोधकांनाही, आणि यात कोणाला कोणाच्या धर्माबद्दल मत द्यावे लागत नाही. ज्यांना अटी हव्या आहेत त्यांनी त्या पुढच्या वर्षासाठी सर्वसाधारण सभेपुढे मांडाव्यात. तोवर ज्या दोघा-तिघांनी त्या सुचवल्या त्यांना आपण एकेकटे घरी जाऊन भेटा. चारचौघांत माणूस भूमिका घेऊन बसतो, घरी चहा घेताना कदाचित असे निघेल की त्यांना स्वतःच्या नातीला बक्षीस हुकल्याचे दुःख आहे, आणि त्यावर उपाय सोपा आहे.

तो उपाय म्हणजे स्पर्धेचे दोन गट करणे: एक सराईत बोलणाऱ्यांचा आणि एक नव्याने शिकणाऱ्यांचा. दुसऱ्या गटात आपल्या नातवाचे नाव घाला, आणि त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू न करता आजपासून रोज थोडे मराठी बोलून करून घ्या. चुकला तर तिथल्या तिथे सुधारू नका, बोलू द्या. शिकणाऱ्यांच्या गटात मराठीभाषक नसलेल्या सुना, जावई आणि शेजाऱ्यांची मुले आली तरी येऊ द्यावीत. वेशाची अट ‘स्वच्छ आणि नीटनेटका पोशाख’ एवढीच ठेवावी. पाठांतराच्या यादीत अभंग, ओव्या, कविता आणि गद्य असे सर्व प्रकार ठेवावेत आणि निवड मुलांवर सोडावी. ती मुलगी अभंग म्हणणार नाही असे आपणच ठरवू नका, आणि तिने तो म्हणावाच असा आग्रहही नको. बक्षीस समारंभ आरतीला जोडून असेल तर तो वेगळ्या वेळी ठेवावा. काही हिंदू घरांनाही ते सोयीचे जाते.

एक सावधगिरी मी आवर्जून सुचवेन. वाद तिच्या बाजूने मिटला तर उत्साहाच्या भरात तिला मंडळाच्या मोठ्या मनाचा नमुना म्हणून पुढे करू नका. फलकावर तिचाच फोटो, पाहुण्यांच्या भाषणात तिचाच उल्लेख, ‘बघा, आमच्याकडे मुसलमान मुलगीही’ असे कौतुक, हे सगळे पुन्हा तिच्या बोलण्याऐवजी तिच्या ओढणीकडेच बोट दाखवते. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलीला ते कळते आणि टोचते. तिने चांगले भाषण केले तर भाषणाचे कौतुक करावे, उच्चार चुकला तर गुण कापावेत.

आणि सभेचा निर्णय काहीही झाला तरी तो तिच्या घरी कोणाच्या तरी फोनवरून कळवू नका. मंडळाच्या कागदावर, अध्यक्ष आणि कार्यवाह म्हणून आपली, अशा दोघांच्या सह्यांनी कळवावा. नकार द्यायचा ठरला तर त्याचे कारणही त्याच पत्रात स्पष्ट लिहावे, आणि पत्राचा मसुदा सभा संपण्यापूर्वी सर्व सभासदांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, अशी मागणी आपण कार्यवाह या नात्याने जरूर करावी.